टर्न मोजले नव्हते

घोडेगावहून आलेल्या त्या रेडिओची ऑसिलेटर कॉइल जळालेली नव्हती. तिच्या एका टोकाला, टॅगपासून जेमतेम दोन मिलिमीटरवर, तार हिरवी पडून तुटली होती. तेवढं टोक खरवडून पुन्हा टाका लावला असता तर काम संपलं असतं. मी ती कॉइल उलगडली. टर्न मोजले नाहीत, वेढे कोणत्या दिशेनं घातले होते ते लिहून ठेवलं नाही, आणि ज्यांचा रेडिओ होता त्या आजींना सांगितलं की कॉइल जळाली आहे. जे घडलं ते क्रमानं लिहितो, कारण व्हॉल्व्हचे जुने रेडिओ उघडून बसणारी मंडळी अलीकडे मला पुन्हा भेटायला लागली आहेत, आणि ज्या वाटेनं मी गेलो ती फार सोपी वाट आहे.

मी नारायणगावात राहतो, शाळेत विज्ञान शिकवतो. दर वर्षी २८ फेब्रुवारीच्या सुमारास मुलांना घेऊन खोडदच्या रेडिओ दुर्बिणीवर विज्ञान प्रदर्शनाला जातो. निरीक्षण, नोंद, अनुमान हा क्रम फळ्यावर लिहायचं माझं काम आहे. रेडिओचा नाद त्याहून जुना. ओळखीपाळखीचे संच दुरुस्तीला येतात, पैसे घेत नाही, आणि आता वाटतं की पैसे घेत नसल्यामुळेच आपल्याला कुणी जाब विचारणार नाही अशी एक सैल सवय मला लागली होती.

हा संच लाकडी पेटीचा, तीन बँडचा, विजेवर चालणारा. डायलच्या काचेवर पूना, बॉम्बे, दिल्ली, सिलोन अशी नावं. आत ईसीएच-८१, ईएफ-८९, ईबीसी-८१, ईएल-८४ आणि रेक्टिफायर ईझेड-८०. आजींच्या यजमानांनी तो मंचरला नोकरीत असताना घेतला, पुढं गावच्या घरी आंबेगावला नेला. डिंभे धरणाच्या पाण्यात जुनं आंबेगाव गेलं. घर रिकामं करताना आजींनी हा रेडिओ गोधडीत गुंडाळून मांडीवर घेऊन आणला, असं त्यांच्या नातवानं मला सांगितलं. घोडेगावला तो काही वर्षं वाजला आणि मग कपाटावर जाऊन बसला.

सुरुवात मी नीट केली. एवढ्या वर्षांनी असा संच थेट प्लगात घालायचा नसतो. ईएल-८४च्या ग्रीडला येणारा कागदी कंडेन्सर बदलला, कारण तो गळका झाला की तो व्हॉल्व्ह तापतो आणि आउटपुट ट्रान्स्फॉर्मर घेऊन जातो. फिल्टरचे कंडेन्सर बदलले. सिरीजमध्ये शंभर वॅटचा बल्ब लावून वीज दिली. बल्ब एकदा लख्ख पेटून मंदावला, व्हॉल्व्हच्या तारा लाल झाल्या, आणि शॉर्टवेव्हवर परदेशी स्टेशनं एकामागून एक लागायला लागली. मीडियम वेव्हवर मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसती सरसर.

आजींना शॉर्टवेव्हशी काही कर्तव्य नव्हतं. आपल्या भागात मीडियम वेव्ह म्हणजे मराठी. आकाशवाणीचं पुणे केंद्र १९५३ साली सुरू झालं. १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर गीतरामायण तिथूनच लागलं. १९५६ साली युनेस्कोच्या मदतीनं पाच जिल्ह्यांतल्या जवळजवळ दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रोता मंडळं बसवली गेली, ती याच केंद्राच्या कार्यक्रमांभोवती. गावकरी एकत्र बसून ऐकायचे, ऐकलेल्यावर चर्चा करायचे. आज पुणे ७९२ किलोहर्ट्झवर आहे, मुंबई ५५८ आणि १०४४वर. आजींचं मागणं एवढंच होतं, की पुणं लागलं पाहिजे.

शॉर्टवेव्ह चालते आणि मीडियम वेव्ह चालत नाही, यातच निम्मं निदान असतं. आवाजाचा भाग ठीक, आयएफ (मधल्या वारंवारतेचा भाग) ठीक, वीजपुरवठा ठीक. दोन्ही बँडना जे वेगवेगळं लागतं तेवढंच तपासायचं उरतं: मीडियम वेव्हच्या कॉइल, त्यांचे जुळवणीचे कंडेन्सर म्हणजे ट्रिमर आणि पॅडर, बँड स्विचचे मीडियम वेव्हचे संपर्क. हे मला माहीत होतं. तरी मी पहिल्यांदा ईसीएच-८१ बदलला. या व्हॉल्व्हच्या पोटात दोन भाग असतात. त्यातला ट्रायोड स्थानिक लहरी तयार करतो, म्हणजे ऑसिलेटरचं काम करतो. तो थकला तर आधी शॉर्टवेव्ह बंद पडते, कारण जास्त वारंवारतेला डोलणं त्याला जड जातं. इथं शॉर्टवेव्ह ठणठणीत होती. म्हणजे व्हॉल्व्ह निर्दोष असल्याचा पुरावा कानावर पडत होता, आणि मी तो व्हॉल्व्ह काढून जपून ठेवलेला नवा घालून बघत होतो. का, तर माझ्याकडे तो होता म्हणून. फरक काहीच पडला नाही. या चुकीनं नुकसान झालं नाही, म्हणून मी तिची दखलही घेतली नाही. पुढच्या सगळ्याचं मूळ मात्र तिथं आहे. जे हाताशी आहे तेच करायचं, मग लक्षणं काही का सांगत असेनात.

त्यानंतरची तपासणी बरोबर केली आणि ती कुणालाही करता येईल अशी आहे. संचाची आयएफ ४५५ किलोहर्ट्झ. काटा ७९२वर ठेवला तर ऑसिलेटर त्या दोहोंच्या बेरजेवर, म्हणजे १२४७वर चालायला हवा. शेजारी एक साधा ट्रान्झिस्टर १२४७च्या आसपास लावून ठेवायचा. मोठ्या संचाचा काटा हळूहळू फिरवला की एका जागी ट्रान्झिस्टरची खरखर एकदम दबते. ऑसिलेटर जिवंत असल्याची ती खूण. माझ्या टेबलावर खरखर कुठंच दबली नाही. ट्रायोडच्या ग्रीडवर मीटर लावला. शॉर्टवेव्हला उणे सात-आठ व्होल्ट, मीडियम वेव्हला शून्य.

मग संच बंद करून, फिल्टर कंडेन्सरमधला साठा उतरवून कॉइल मोजली. ऑसिलेटर कॉइलला दोन गुंडाळ्या असतात. एक ट्यून होणारी, स्टेशन बदलणाऱ्या गँग कंडेन्सरला जोडलेली. दुसरी तिच्या बुडाशी घातलेली पातळ, कमी वेढ्यांची, जी ॲनोडकडची ऊर्जा परत ग्रीडकडे पोचवते. तिला फीडबॅकची गुंडाळी म्हणू. पहिली साधारण चार ओहम दाखवत होती. दुसरी ओपन.

इथं थांबायला हवं होतं. भिंग घेऊन दोन्ही टोकं बघायची होती. बारीक तारेच्या कॉइल मधूनच तुटल्या असं क्वचित होतं. बहुतेक वेळा त्या टॅगजवळ जातात. सोल्डर करताना वापरलेलं फ्लक्स तिथं उरलेलं असतं, पावसाळ्यांचा ओलावा ते धरून ठेवतं, आणि त्या तारेवर शंभरएक व्होल्टचा डीसी दाब असला तर तांबं हळूहळू खाल्लं जातं. सह्याद्रीच्या कुशीत, डिंभ्याच्या पाण्याजवळ काढलेले पावसाळे म्हणजे या रोगाला पोषक हवा.

माझ्या डोक्यात मात्र दुसराच रेडिओ होता. काही काळापूर्वी आळेफाट्याच्या बाजूचा एक संच आला होता. त्याची एरियल कॉइल वळवाच्या विजेनं खरोखर काळी ठिक्कर पडली होती. आंब्याच्या झाडाला बांधलेली लांब एरियल, अर्थिंग नाही, मे महिन्यातलं वादळ. ती मी पुन्हा गुंडाळली आणि तो रेडिओ वाजला. त्या यशाची गुर्मी अंगात होती. ओपन म्हणजे जळाली, जळाली म्हणजे गुंडाळायची, असं मी एका क्षणात ठरवून मोकळा झालो. एरियल कॉइल विजेनं जळते, कारण ती बाहेरच्या तारेला जोडलेली असते. ऑसिलेटर कॉइलचा बाहेरच्या तारेशी संबंधच नसतो. हे मुलांना मी सहज समजावून सांगितलं असतं.

कॉइल फळीवरून सोडवली. रेशमाचं वेष्टण असलेली केसासारखी तार, वर मेणाचा पिवळट थर. मेण मऊ व्हावं म्हणून सोल्डरिंग आयर्न जवळ धरला. फीडबॅकच्या गुंडाळीचं टोक सुटलं तसं मी ओढायला लागलो. पहिले काही वेढे सुरळीत आले. मग तार चिकटली, तुटली. दुसरं टोक शोधलं, पुन्हा ओढलं, पुन्हा तुटली. मोजायला सुरुवात केली होती, पण तिसऱ्या तुकड्यानंतर आकडा सुटला आणि मी तो सोडून दिला. त्याच उष्णतेनं शेजारच्या मुख्य गुंडाळीचं मेणही सुटलं आणि तिचे शेवटचे वेढे घसरून सैल झाले. ते मागे सरकवले, म्हणजे अंदाजानं सरकवले.

त्यावर कडी म्हणजे कोर. कॉइलच्या नळीत आट्यांचा फेराइटचा कोर असतो. तो आतबाहेर करून डायलचं खालचं टोक जुळवतात. तो घट्ट बसला होता. प्लास्टिकचा स्क्रूड्रायव्हर घ्यायला हवा, आणि त्याहून आधी कोर मूळ किती खोल होता याची खूण करायला हवी. मी लोखंडी घेतला. कोरची खाच कचकन उडाली आणि अर्धा तुकडा नळीत तिरका अडकून बसला.

रात्र झाली होती. त्या क्षणी मला पुरतं कळत होतं की ही कॉइल आपण घालवली. दुसऱ्या दिवशी घोडेगावहून फोन आला.

"झाला का रं आमचा रेडिओ?"

"आजी, कॉइल जळालीय. आता मिळत नाही तशी. बघतो काय करता येतं ते."

"जळाली? आरं देवा. बघ बाबा, तुलाच कळतं त्यातलं."

या सबंध प्रकरणात मला सगळ्यात जास्त लागतं ते हे बोलणं. तार तुटणं, कोर फुटणं हे हातानं झालं. हे तोंडानं झालं, विचार करून झालं. "जळाली" म्हटलं की दोष रेडिओच्या वयाकडे जातो, नशिबाकडे जातो, आणि सांगणारा बाजूला राहतो.

खोटं तिथंच थांबत नाही. आजींच्या नातवानं ते खरं मानलं आणि कॉइल शोधायला निघाला. तो पुण्यात नोकरीला. रविवारी जुन्या बाजारात जाऊ लागला, तपकीर गल्लीत विचारू लागला, आणि शेवटी भंगारातला एक अख्खा मोडका संच विकत घेऊन नारायणगावला माझ्याकडे घेऊन आला. त्यात कॉइल होती, पण त्या संचाची मांडणी निराळी होती. फीडबॅकला वेगळी गुंडाळी नव्हती, मुख्य गुंडाळीतूनच मधला फाटा काढलेला होता. आपल्या कामाची नव्हती. मी तसं सांगितलं. तो म्हणाला, "हरकत नाही सर, अजून बघतो." त्याच्या पाठीवरची सॅक आणि हातातली ती जड पेटी बघूनही मी गप्प राहिलो.

दरम्यान मी माझ्या अक्कलहुशारीनं गुंडाळत होतोच. वेढे कमी पडून ऑसिलेटर चालू न होण्यापेक्षा जास्त असलेले बरे म्हणून भरपूर घातले. मीटर शून्य. गुंडाळीची दिशा उलटी पडली की फीडबॅक मदत करण्याऐवजी विरोध करतो. टोकांची अदलाबदल केली तेव्हा ऑसिलेटर चालू झाला, पण फार जोरात. सगळ्या डायलभर सुसाट वाऱ्यासारखा आवाज. वेढे प्रमाणाबाहेर झाले की ऑसिलेटर स्वतःलाच गुदमरवतो, थांबतो, पुन्हा सुटतो, आणि हे सेकंदाला हजारो वेळा चालतं. त्या आवाजामागून पुणे केंद्र पुसटसं ऐकू आलं, तेही डायलवरच्या खुणेपासून बरंच दूर.

तेव्हा मी स्वतःचं एक समाधान करून घेतलं. २३ नोव्हेंबर १९७८ पासून मीडियम वेव्हची स्टेशनं ९ किलोहर्ट्झच्या पटीत बसवली गेली. म्हणून आजची ७९२, १०४४, ५५८ या तिन्ही संख्यांना नवानं भाग जातो. डायल त्याआधीची, मग खूण चुकणारच, असं मी म्हटलं. माहिती खरी होती आणि युक्तिवाद खोटा होता. त्या बदलात स्टेशनं सरकली ती थोड्याच किलोहर्ट्झनं. माझा काटा बोटभर सरकलेला होता.

नारायणगाव-मंचर पट्ट्यात टोमॅटो आणि ऊस जितका आहे तितक्याच जळालेल्या मोटारी आहेत. एक फेज जातो, व्होल्टेज पडतं, विहिरीवरची मोटार जळते, आणि शेतकरी ती टेम्पोत टाकून वाइंडिंगवाल्याकडे आणतो. अशाच एका दुकानात मी कॉइल पुन्हा गुंडाळण्यासाठी बारीक गेजची तार मागायला गेलो. दुकानदार मामांनी कशाला हवी ते विचारलं. मी पिशवीतून कॉइल काढून दाखवली.

"जुना डाटा कुठाय?"

"म्हणजे?"

"टर्न किती होते, गेज काय, कनेक्शन कसं होतं. सर, आम्ही मोटार तोडायच्या आधी हे लिहितो. मग छिन्नी लावतो."

त्यांनी काउंटरखालची वही उघडून दाखवली. ऑइलचे डाग पडलेली पानं, प्रत्येक मोटारीचा नंबर, एचपी, स्लॉट, पिच, टर्न, गेज, आणि पेनानं काढलेली जोडणीची आकृती. जळून कोळसा झालेल्या गुंडाळीतूनही ते एक कॉइल सोडवून टर्न मोजतात. तसंच जमत नसेल तर काढलेल्या तांब्याचं वजन करतात, नवी तार त्याच वजनाची बसली पाहिजे म्हणून.

"जुनी तार टाकली का?"

टाकली नव्हती, पण जपलीही नव्हती. माझ्या टेबलावरच्या डब्यात सोल्डरच्या चुऱ्याबरोबर पडलेली होती. ती घेऊन पुन्हा गेलो. मामांनी तुकडे पांढऱ्या कागदावर पसरले, एकेकाचं रेशीम नखानं सोललं आणि भिंगाखाली धरलं. तांबं लालसर, चकचकीत. एकाच तुकड्याचं एक टोक हिरवं-काळं होतं आणि त्याच्या पुढं सोल्डरचा बारीक मणी.

"सर, ही तार जळाली नव्हती. एवढंच टोक गेलं होतं. बाकी तार आजची वाटावी अशी आहे."

ते बोलताना त्यांच्या आवाजात ठपका नव्हता. ते निदान सांगत होते. मी मात्र त्या टोकाकडे बराच वेळ बघत राहिलो.

पुढचा हिशेब दुकानातच झाला. सगळे तुकडे पट्टीवर मोजले, बेरीज आली १३२ सेंटिमीटर. फीडबॅकची गुंडाळी मुख्य गुंडाळीच्या बुडाशी जिथं बसत होती तिथला घेर दोरा गुंडाळून मोजला, तो आला ४.४ सेंटिमीटर. भागाकार तीस. हरवलेले बारीक तुकडे धरून एक-दोन जास्त. मी घातले होते त्याच्या साधारण दुप्पट. त्या दुप्पट वेढ्यांनीच डायलभर वारा सुटला होता.

घरी येऊन बत्तीस टर्न घातले, या वेळी मोठ्यानं मोजत, दहा झाले की कागदावर रेघ मारत. तारेची टोकं खरवडून टाके लावले आणि उरलेलं फ्लक्स स्पिरिटनं पुसून काढलं. मेण हलकंच लावलं, जाड वार्निश नाही, कारण त्यानं कॉइलची अंगची धारकता वाढते आणि काटा पुन्हा सरकतो. ग्रीडवर मीडियम वेव्हच्या सबंध पट्ट्यात उणे सहा ते आठ व्होल्ट मिळाले. ट्रान्झिस्टरची खरखर १२४७ला दबली. ट्रिमर फिरवून वरचं टोक जुळवलं. ७९२ आणि १०४४ आपापल्या जागी आले.

संध्याकाळी पुणे लावलं तर बातम्यांच्या मागून एक धारदार गुणगुण. माझ्या काळजात धस्स झालं. पुन्हा कॉइलच, असं धरून चालून मी चासी उलटी करायला निघालो होतो. हात थांबला तो वाइंडिंगवाल्या मामांच्या वहीमुळे. संच तसाच ठेवून घरातले एलईडी बल्ब एकेक करून बंद केले. स्वयंपाकघरातला दिवा विझवला आणि गुणगुण गेली. त्या बल्बमधलं स्वस्तातलं सर्किट मीडियम वेव्हवर कचरा फेकत होतं. खोडदच्या पंचक्रोशीत राहणाऱ्या माणसाला हे सुचायला इतका वेळ लागायला नको होता. दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या त्या तीस तबकड्या दूरच्या आकाशगंगांमधून आलेल्या अतिक्षीण रेडिओलहरी टिपतात, आणि आसपासच्या विजेच्या उपकरणांचा गोंगाट हा त्यांच्या कामातला मोठा अडथळा असतो. मी मुलांना ते दर वर्षी ऐकवतो.

रेडिओ द्यायला घोडेगावला गेलो तेव्हा नातू सुट्टीवर आला होता. रेडिओ लावून दाखवायच्या आधी मी सांगितलं. कॉइल जळाली नव्हती, टोक गेलं होतं, मी न बघता उलगडली आणि मग झाकलं. भंगारातल्या संचाचे पैसे त्याच्यासमोर ठेवले. तो नको नको म्हणाला, मी उचलले नाहीत. आजी माझ्याकडे बघत होत्या.

"मंग ते तव्हाच का नाय सांगितलंस?"

मला उत्तर देता आलं नाही. त्यांनीही पुन्हा विचारलं नाही. थोड्या वेळानं म्हणाल्या, "लाव आता. पुणं लाव."

पेटीच्या मागच्या पुठ्ठ्यावर आतून एक कागद चिकटवला आहे. ऑसिलेटर फीडबॅक: ३२ टर्न, मूळ अंदाजे ३०, तुकड्यांच्या लांबीवरून. टॅगच्या बाजूनं बघितलं तर घड्याळाच्या दिशेनं. गेज आणि कोणतं टोक ॲनोडला तेही लिहिलं आहे. खाली लिहिलं आहे की मूळ कॉइल दुरुस्त करणाऱ्यानं उलगडली, कोर त्याच्या हातून फुटला. जुन्या तारेचे तुकडे पाकिटात घालून चासीला बांधले आहेत.

डायलचं खालचं टोक अजून जुळलेलं नाही. मुंबईचं ५५८ खुणेच्या बऱ्याच अलीकडे लागतं आणि आवाजही कमी येतो. फुटलेला कोर नळीतून काढल्याशिवाय ते जुळणार नाही, आणि तो उकरायला गेलं तर नळी तडकेल अशी मला भीती आहे. म्हणून हात लावलेला नाही. त्याच मापाची नळी कुणाकडे मिळाली तर मुख्य गुंडाळी, या वेळी मोजून, तिच्यावर घालून बघायची आहे. आजींना आणि नातवाला हे सांगून ठेवलं आहे.